उजवीकडचे पास

“गुडघा गेलाय तिचा,” बास्केटबॉल कोर्टाच्या पायरीवर बसलेला निनाद ठासून म्हणाला. “एका मॅचला तीस पॉइंट काढणारी आपली तेजल तीन मॅचमध्ये मिळून अकरा?”

“छे, प्रेमात पडली असेल,” मागून कुणीतरी खिदळलं.

मी तिच्याकडेच बघत होते. गुडघा दुखत असता तर तिने एवढ्या उड्या मारल्या नसत्या. पण उजवीकडून आलेला प्रत्येक पास तिच्या हातून निसटत होता. डावीकडचा एकही नाही.

मॅच संपल्यावर मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन पाण्याची बाटली तिच्या उजव्या डोळ्याजवळ धरली. ती समोरच बघत राहिली. हाक मारली तशी दचकून वळली, बाटली पाहिली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

“आणखी कुणाला कळलंय?”