हौसाबाईंचा आवाज

किसनरावांनी ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकला. हौसाबाईंनी तो मुकाट्याने उचलून दोरीवर वाळत घातला.

"आज बोलत नाहीस?"

"तुम्ही ऑपरेशन होऊन सुखरूप घरी आलात तर पुन्हा ओरडणार नाही, असा नवस केलाय."

किसनराव घाबरले. दवाखान्याने दिलेली बंडी त्यांच्या अंगात होती. घरातला आवाज शरीरातून जाताना कुठे अडखळतो, ते टिपून ती आतलं चित्र जुळवायची. आवाज जितका किनरा आणि चढा, तितकं चित्र स्वच्छ. शेजारचे घुमे गुरुजी मौनी, म्हणून त्यांच्या बंडीत नुसतं धुकं दिसे. हौसाबाईंच्या एका सकाळच्या तोफखान्यात मात्र किसनरावांच्या छातीतली चण्याएवढी गाठ सापडली होती. "आजींच्या आवाजासारखं यंत्र जिल्ह्यात नाही, आजोबा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"अगं, गाठ परत आली तर दिसणार कशी?"

हौसाबाई थबकल्या. मग त्यांनी पदर खोचला. "देवाला मी समजावते! पण साठी उलटली तरी टॉवेल कुठे टाकावा, कळत नाही तुम्हाला?"

पत्र्यावरचे कावळे उडाले. बंडीवर हिरवा दिवा लागला. छाती स्वच्छ होती.

किसनरावांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले आणि ते वळून उभे राहिले.

"थांबू नकोस, पाठ राहिलीय."