किल्ल्यातला पाण्याचा वार

देवगाव रंगारीहून शिकायला आलेला ऋतुराज तीन रविवार आमच्या खेळात गप्पच बसला. वैदेही तिच्या सिडकोतल्या घरी गोष्ट रचायची, आम्ही त्यातले चोर होऊन काय करायचं ते सांगायचो, आणि ते जमलं का हे फासे टाकून ठरायचं. चौथ्या रविवारी राजाचा खजिना लुटायचा होता. तलवार, जादू, लाच, सगळं करून झालं. दारावरचे पन्नास पहारेकरी हटेनात.

“या किल्ल्यात नळाला पाणी कोणत्या वारी येतं?” ऋतुराजनं विचारलं.

वैदेही गोंधळली. “मंगळवारी.”

“मंग मंगळवारी जाऊ. घरचे हंडे भरायचे सोडून पहाऱ्यावर कोण थांबतंय?”

खेळातल्या मंगळवारी दारावर कुणीच नव्हतं. आम्ही सोन्यावर तुटून पडलो.

“सोनं राहू द्या,” ऋतुराज म्हणाला. “पाणी सोडायची चावी तेवढी घ्या.”

पुढच्या रविवारी ते पन्नासही पहारेकरी आमच्या टोळीत होते.