रात्रपाळी

दार वाजलं तसा विद्याधर खाटेवर आडवा झाला आणि त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. हेमांगीनं काळ्या मण्यांची परात आपल्यापुढे सरकवली, चेहऱ्यावर शीण आणला (तो काही मुद्दाम आणावा लागत नव्हता म्हणा) आणि दार उघडलं.

दारात रंभाताई. वसई पूर्वेच्या एका गाळ्यातून मंगळसूत्रांचा माल आणून बिल्डिंगमधल्या बायकांना घरी ओवायला द्यायची.

"झोपलेत?" खाटेकडे बघून तिनं आवाज उतरवला. "मेली रात्रपाळी म्हणजे जिवाला खाते गं."

"हो ना," हेमांगी म्हणाली.

कसली रात्रपाळी नि कसलं काय! विद्याधरच्या घड्याळाच्या कारखान्याला दसऱ्याआधीच टाळं लागलं होतं. धडधाकट पुरुष दिवसभर घरात दिसतो, तर लोकांना सांगायचं काय, म्हणून हेमांगीनंच ही थाप मारली होती. तेव्हापासून शेजारी टीव्हीसुद्धा हळू लावायचे. आता इतक्या भल्या माणसांना खरं कुठल्या तोंडानं सांगणार? रात्री बिचारा जेवून निघायचा, पापडीला कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या, आग्नेलच्या ओटीवर झोपायचा आणि सकाळी परत यायचा.

रंभाताई खाली बसली. तयार झालेला एक सर तिनं खिडकीकडे धरून पाहिला.

"काय हात बसलाय गं तुझा! आधीचा तुझा माल म्हणजे, राग मानू नकोस, अगदी वाकडातिकडा."

हेमांगीनं राग मानला नाही. आजही ती ओवायला बसली की तसंच ओवायची. म्हणून हल्ली ती नुसते मणी निवडायची.

"तर ऐक. शेठनं तुला गाळ्यावर बोलावलंय. नव्या मुलींना शिकवायचं. कायमची नोकरी. पण हो की नाही ते आत्ताच सांग. त्यांनी दुसरी बाईसुद्धा बघून ठेवलीय."

कायमची! हो म्हणावं, तर उद्या मुलींसमोर फजिती. नाही म्हणावं, तर हातातोंडाशी आलेला घास जाणार. आणि खरं सांगावं, तर घड्याळं जुळवणारा हेमांगीचा नवरा घरात बसून मंगळसूत्रं ओवतो, हे संध्याकाळपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळणार. तिला नवऱ्याचा राग आला, मग कीव आली, मग सगळ्याचाच कंटाळा आला.

"अगं, बोल की."

"मला नाही जमायचं, ताई."

"दारी आलेली लक्ष्मी लाथाडतेस बघ," असं म्हणत रंभाताई उठली. दाराशी जाऊन तिनं चपलेत पाय घातला.

"हेमांगी." आवाज चादरीतून आला. चादर हलली नाही. "तो माल मी ओवलाय म्हणावं. शिकवायला मी आलो तर चालेल का, विचार त्यांना."

रंभाताईनं चादरीकडे पाहिलं. मग हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीची मान खाली होती.

"सकाळी नऊला यायला सांग," रंभाताई अजूनही कुजबुजतच म्हणाली. "आणि आता झोपू दे त्यांना."