दोनदा मीठ

“हाडासकटच द्या,” मी खाटकाला बजावलं आणि बीफचा तीन बरगड्यांचा, चरबीची बारीक जाळी असलेला तुकडा निवडला. अलिबाग सोडून इस्रायलला आल्याला तीस वर्षं झाली, पण मांस आणायला मी पहिल्यांदाच गेलो होतो. ते काम माझ्या बायकोचं, रिबकाचं. तिचं शेवटचं आजारपण मी लेकीपासून लपवलं, म्हणून फ्लोरा दोन वर्षं घरी आली नव्हती. आज शुक्रवारी रात्री शब्बाथच्या, आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, जेवणाला येणार होती.

आम्हा यहुद्यांना मांसातलं रक्त चालत नाही. आई अलिबागला करायची तसंच केलं: अर्धा तास पाण्यात, तासभर जाड्या मिठात, मग तीनदा धुतलं. लसूण-मिरी चोळून ओव्हनमध्ये भाजलं. रंग असा चढला, की मीच खूश!

फ्लोरानं एक घास खाल्ला आणि पाण्याचा पेला रिकामा केला. मीही चाखलं. नुसतं मीठ!

“पप्पा, इथला खाटीक मीठ लावून, धुऊनच देतो.”

“राहू दे. टाकतो मी.”

“थांबा. इथल्या पहिल्या शब्बाथला मम्मीनंही हेच केलं होतं. शेजारणीनं नंतर तिला सांगितलं. पण तुम्ही दोनदा मागून खाल्लंत, म्हणून तुम्हाला ती कधी बोलली नाही.”

मला ते जेवण आठवलं. प्रवासानं दमलीय, हात चुकला असेल, असं वाटून मी गप्प बसलो होतो.

फ्लोरानं पाण्याचा जग जवळ ओढला आणि ताट पुढे केलं.

“वाढा अजून. हाडाजवळचं द्या.”