त्याच्या वाट्याच्या ओळी

“सही होणार नाही. तुमचे कागद तुम्हाला लखलाभ,” लिफ्ट-मेकॅनिक म्हणाला. हात ग्रीसने बरबटले होते, म्हणून त्याने कागद कोपरानेच मागे सरकवले. सख्ख्या बहिणीला तो ‘तुम्ही’ म्हणत होता.

ती वर्कशॉपच्या स्टुलावर बसूनच राहिली. तिने रक्तपेढ्यांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कुठल्या गटाची पिशवी कुठे आहे, कुठली कधी बाद होणार, ते सांगायचं. दोनशेवर रक्तपेढ्या ते फुकट वापरत. आता एक बडी कंपनी त्यावर हक्क सांगू लागली होती. म्हणून सगळ्या कोडची मालकी एका विश्वस्त संस्थेच्या नावावर करायची ठरली. कोर्टकचेरी संस्था बघणार होती. त्यासाठी कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची सही हवी होती. एकेचाळीस जणांच्या सह्या ईमेलवर आल्या. बेचाळिसावा हा भाऊ. कॉलेजात असताना त्यानेही थोडा हातभार लावला होता. त्याने एकाही ईमेलला उत्तर दिलं नव्हतं.

नऊ वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. वडिलांच्या ऑपरेशनला तिने परस्पर होकार दिला होता. तो परगावाहून पोचला तेव्हा वडील थिएटरमध्ये होते. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

“उद्या संस्थेनंच विकून खाल्लं तर?” त्याने विचारलं.

“कलम सहा वाच. विकायला काढलं की हक्क आपल्याकडे परत.”

त्याने हात धुतले. चारही पानं उभ्याउभ्याच वाचली.

“आणि माझं नाव?”

“मालकी जाते. लेखक तूच राहतोस.”

शेवटी त्याचा कोड जोडलेला होता. पिशवी बाद व्हायच्या आधी इशारा देणारा. तो वाचून त्याला हसू आलं.

“काय गचाळ लिहिलंय!”

“आजवर एकदाही चुकलेलं नाही.”

त्याने पेन मागून घेतलं आणि सही केली. कागद परत देता देता तो थांबला. पुन्हा ते पान बघू लागला.

“ताई, या सदतीसच ओळी आहेत. तू अर्ध्या तासात नव्याने लिहिल्या असत्यास. माझी सही लागलीच नसती.”

“लिहिल्या होत्या,” ती म्हणाली. “मग पुसून टाकल्या.”