जागा पाच मण्यांची

रेबेकाबाईंनी पाखरू देऊन टाकलं. हे वाक्य चुकून आधी आलं. वाचलं नाही असं समजावं. पाखरू अजून टेबलावरच आहे.

पाखरू म्हणजे टाचण्या खोचायची तळहाताएवढी मखमली उशी, आणि तिच्यावर मण्यांनी शिवलेला फुगीर पक्षी. सव्वाशे वर्षांपूर्वी कुण्या मडमेच्या ट्रंकेतून अमेरिकेहून केडगावात आला. तेव्हापासून इथल्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक लग्नात अंगठ्या याच उशीवरून पाळकांपुढं जातात. आणि जिथला मणी गळाला असेल तिथं नवरी आपल्या पोतीतला एक काळा मणी शिवते. अशा इतक्या नवऱ्या झाल्या, की मुळातलं पांढरं पाखरू सासरी येऊन जवळजवळ कावळा झालं आहे. त्यावर मंडळीत कुणी हसत नाही.

शनिवारी रेबेकाबाईंच्या नातीचं, प्रार्थनाचं लग्न. आज गुरुवार, आणि समोरच्या खुर्चीवर लोरेन बसलेली. लोरेन हॉडेनोशोनी जमातीची, अमेरिकेतल्या मूळच्या लोकांपैकी. अशी पाखरं शिवणारे तेच. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत ही उशी तिला मोबाईलवर दिसली, म्हणून ती एवढ्या लांब आली होती.

रेबेकाबाईंनी सकाळपासून ‘न्हाई’ तयार ठेवलं होतं. एकदा मराठीत म्हणून पाहिलं, एकदा इंग्रजीत. इंग्रजीतलं जास्त ठाम वाटलं.

लोरेननं पाखरू मागितलंच नाही. तिनं पंखावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

“हे कुणी दुरुस्त केलं, विचारतायत,” मधे बसून दुभाषाचं काम करणारी प्रार्थना म्हणाली.

“मी. का, चुकलं व्हय?”

“कसं केलं, म्हणतात.”

“त्यात काय? जागा पाच मण्यांची, दोऱ्यात घ्यायचे सात. मावत न्हाईत, मग कमान करून उभे ऱ्हातात. घरात पाव्हने लई झाले की आपन न्हाई का उभं ऱ्हात?”

प्रार्थनानं पाव्हण्यांसकट सगळं सांगितलं. लोरेन हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

“त्यांच्या आजीनंही असंच शिकवलं म्हणे. पाव्हणे सोडून.”

मग लोरेननं उशी दोन्ही तळव्यांवर घेतली, तोंडाजवळ नेली आणि पाखराशी हळू आवाजात काहीतरी बोलली.

“काय म्हनाली?”

“माहीत नाही, आजी. इंग्रजी नव्हतं ते.”

सव्वाशे वर्षं पाखरानं मराठीच ऐकलं होतं: प्रार्थना, गीतं, मानपानाची भांडणं. त्याच्या बोलीत त्याला कुणी नुसती हाकसुद्धा मारली नव्हती.

लोरेननं उशी जपून टेबलावर ठेवली, प्रार्थनानं शिकवल्याप्रमाणं, मंडळीत म्हणतात तसं “सलाम” म्हणाली आणि उठली. तयार ठेवलेलं ‘न्हाई’ तसंच पडून राहिलं.

“बस म्हनावं तिला,” रेबेकाबाई म्हणाल्या. “प्रार्थना, कपाटातली तुझी पोत आन. मणी आजच शिव.”

“अगं आजी, लग्न शनिवारी आहे.”

“शनिवारी पाखरू नसंल.”

प्रार्थनानं चोचीजवळ मणी शिवला. सुई दोनदा बोटात गेली. पुढं जे झालं ते झालेलं नाही, असं वर ठरलंच आहे.

दुपारी मंडळीचा सेक्रेटरी मोझेस धापा टाकत आला. “मावशी, ठराव न करताच दिलंत? आता फाईलला लावू काय मी?”

“अर्ज लाव. मी सांगते, तू लिही.”

मोझेसनं मंडळीचं लेटरहेड काढलं. रेबेकाबाई रिकाम्या टेबलाकडं बघत सांगत गेल्या. त्यानं ते कागदाला शोभेल असं करून लिहिलं, एका ठिकाणी पेन थांबवून नाक पुसलं, आणि खाली जावक क्रमांक टाकला.

प्रति, मा. पाखरू, मुक्काम माहेर. विषय: हजेरीबाबत. महोदय, आमच्याकडील प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत आपण केडगावी हजर राहावे. नवरीच्या पोतीतला एक मणी आपल्यासाठी काढून ठेवला जाईल व तो कोणत्याही कारणास्तव परत ओवला जाणार नाही. तरी यावे, ही नम्र विनंती.