नवी स्प्रिंग

साउथहॅम्प्टनच्या घरात यंदा ईराने हौसेने खंडेनवमीची पूजा मांडली. पाटावर स्वतःचा लॅपटॉप ठेवला, गाडीची किल्ली ठेवली आणि आईच्या कपाटात सापडलेली एक गंजकी स्प्रिंगही ठेवली. डॉक्टर असलेल्या आईने, सुहासिनीने, मात्र स्टेथोस्कोप द्यायला साफ नकार दिला. "आज ड्यूटी आहे मला," एवढंच म्हणाली.

"आई, हा स्प्रिंग कशाचा आहे?"

"तुझ्या बाबांच्या पिस्तुलाची. नागपूरला इन्स्पेक्टर होते ना, कमरेला छोटं पिस्तूल असायचं. सारखं अडकायचं ते. म्हणून त्यांनी ही काढून नवी बसवली, तेल घातलं, रेंजवर जाऊन चालवून बघितलं. मग एकदाही अडकलं नाही." टीव्हीवर हवामान सांगतात, तशा आवाजात सुहासिनी सांगत होती.

"पण मग बाबांना शूट केलं, तेव्हा परत जॅम झाला का?"

"नाही." सुहासिनीने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि कोट उचलला.



"त्या दिवशीही खंडेनवमी होती, ईरा. पिस्तूल घरी पाटावर होतं, हळदकुंकू लावून."